शेवटच्या बाकावरचे समुद्रेअण्णा

सलूनमध्ये दाढीला गेलेला माणूस साधारण पाऊण तासात परत येतो. आमचे समुद्रेअण्णा सकाळी नऊला जातात, दुपारी दीडला येतात, आणि कधीकधी दाढीसकट येतात.

यात सलूनवाल्याचा काही दोष नाही. अण्णा बाकड्यावर बसतात, वाट बघतात, त्यांचा नंबर येतो. नेमकं तेवढ्यात कुणीतरी दारातून आत येतं. अण्णा लगेच उठून उभे राहतात, रिकाम्या खुर्चीकडं हात करतात आणि म्हणतात, “व्हा पुढं. आपलं काय, आपण मागनं.” आलेला माणूस नको म्हणतो. अण्णा दुसऱ्यांदा म्हणतात. तिसऱ्यांदा ते म्हणत नाहीत. दंड धरून त्याला खुर्चीत बसवतात. तीस वर्षं लाकूड तासलेला हात आहे, त्यानं धरल्यावर माणूस बसतोच. एकदा नुसतं टपाल द्यायला आलेला पोस्टमन दाढी करून गेला.

“सर, तेस्नी सांगा की कायतरी,” सलूनवाला एकदा काकुळतीला येऊन मला म्हणाला. “एकच बाकडं हाय माझं. त्येच्यावर ह्ये चार तास. आणि पोरं लाजून दुसऱ्या दुकानात जात्यात.”

मी अण्णांना सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून बाकड्यावर बसणं सोडलं. आता ते बाहेर पायरीवर उभे राहतात आणि येणाऱ्याला रस्त्यावरूनच आत पाठवतात.

शांतवन समुद्रे हे त्यांचं पूर्ण नाव. मूळ कोडोलीचे, आजोबांपासून ख्रिस्ती. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो मातीत दाबून साचा घेतात आणि मग त्यात रस ओततात. तो लाकडी नमुना करणारे अण्णा. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या कॉलनीत माझ्या शेजारचं घर घेतलं. घर घेतानासुद्धा कोपऱ्यावरचं, दोन्ही बाजूंनी वारा येणारं घर आधी त्यांनाच दाखवलं होतं. ते त्यांनी मागून आलेल्या एका वकिलाला सोडलं. तो वकील आजतागायत त्यांच्याशी बोलत नाही. उपकार केलेल्या माणसाशी बोलायचं काय, हा प्रश्न असतोच.

विनम्रता हे काही कोल्हापूरचं पीक नाही. इथं ऊस होतो. ज्या गावात वाटीभर तांबडा रस्सासुद्धा जगात भारी असतो, तिथं माणसानं स्वतःला कमी लेखायचं म्हणजे पंचाईतच. आमच्या चौकात मध्यंतरी एका बैलाच्या वाढदिवसाचा डिजिटल फलक लागला होता. त्यावर शुभेच्छुकांचे सव्वीस फोटो होते आणि बैलाचा एक, तोही कोपऱ्यात. मी स्वतः एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. ग्रंथालयापेक्षा माझा जास्त वेळ पाहुण्यांच्या फेट्यांत आणि शालींत गेला. “मी या सत्काराला पात्र नाही” असं म्हणणारे किमान दोनशे सत्कारमूर्ती मी ऐकले आहेत. त्यातल्या एकानंही शाल परत केली नाही. त्यामुळं नम्र माणूस दिसला की मी आधी त्याच्या मागं छायाचित्रकार उभा आहे का ते बघतो.

अण्णांच्या मागं छायाचित्रकार नव्हता. अण्णांच्या मागं कुणीच नसायचं. तीच तर त्यांची जागा.

रविवारी चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसतात. आता शेवटचा बाक ही जगातल्या सगळ्या सभागृहांतली सर्वांत लोकप्रिय जागा असते. प्रवचन लांबलं तर तिथून निसटता येतं. म्हणून तो बाक मिळावा यासाठी अण्णा उपासनेच्या तासभर आधी जाऊन बसतात. शेवटचं बसण्यासाठी सगळ्यांच्या आधी पोचणारा हा एकच माणूस मी पाहिला आहे. एकदा सांगलीहून आलेले कुणी पाहुणे त्यांच्याही आधी येऊन तिथं बसले. अण्णांना पुढून दुसऱ्या बाकावर बसावं लागलं. घरी आले तर चेहरा उतरलेला.

“काय झालं?” मी विचारलं.

“त्या पावण्याचा राग आला सर. पूर्ण उपासनाभर आला. शेवटच्या जागेपायी राग आला, म्हंजी बगा.” आणि मग स्वतःच हसले. “प्रभू वरनं म्हणाला आसंल, शांतवन्या, तुझं काय खरं न्हाय.”

या हसण्यामुळं माझा संशय थोडा सैल झाला. ढोंगी माणसाला स्वतःचं हसू येत नाही.

फाउंड्रीतही तेच. मालकानं त्यांना फोरमन करायचं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा अण्णांनी दुसऱ्याचं नाव पुढं केलं. तिसरा जो झाला, त्याला रंधा धरायला अण्णांनीच शिकवलं होतं. तो पुढं दहा वर्षं अण्णांना “समुद्रे, जरा हात चालवा” म्हणत राहिला. अण्णा हे सांगतात तेव्हा त्यात कडवटपणा नसतो. उलट अभिमान असतो. “हात चालवा म्हणायचा, पर रंधा काय सुरेख धरायचा,” म्हणतात.

हे सगळं कुठून आलं असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी मला मेजवानीची गोष्ट सांगितली. कोडोलीत लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकलेली. येशूनं लोकांना सांगितलं, कुणी जेवायला बोलावलं तर मानाच्या जागेवर जाऊन बसू नका. तुमच्यापेक्षा मोठा पाहुणा आला तर उठावं लागेल. त्यापेक्षा शेवटच्या जागेवर बसा. यजमानच येऊन म्हणेल, मित्रा, वर ये.

मी म्हटलं, “गोष्ट चांगली आहे. पण कोल्हापुरात धोक्याची आहे. इथं लोक शेवटी जाऊन बसतील, आणि यजमानानं वर बोलावलं नाही तर त्याच्या दारात भांडण काढतील.”

“म्हणून तर आपण बोलावलं तरी जायचं न्हाय,” अण्णा म्हणाले. “वर याच म्हणालं, तर म्हणायचं, व्हा पुढं, आपण मागनं.”

गोष्टीत असं नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. ग्रंथपालाचं काम पुस्तक देणं. वाचक काय वाचतो ते त्याचं त्यानं बघावं.

आता रूथवहिनींकडं यायला हवं. इतका वेळ त्या आल्या नाहीत, यातच त्यांच्या संसाराची सगळी हकिकत आली.

रूथवहिनी अण्णांच्या पत्नी. पस्तीस वर्षं नर्स होत्या. त्या बोलायला लागल्या की समोरच्याला दंडाला इंजेक्शनचा कापूस लागल्यासारखं वाटतं. त्यांची मुलगी एस्तेर पुण्यात असते. अण्णांच्या शेवटच्या नंबरामागं आणखी एक नंबर असायचा, आणि तो रूथवहिनींचा होता. घरी पाहुणे आले की आधी पाहुणे जेवणार, मग पाहुण्यांचा ड्रायव्हर, मग अचानक आलेला गॅसवाला, मग अण्णा आणि वहिनी. बसला गर्दी असली की अण्णा सगळ्यांना चढू देत. बस जाई, आणि खाली दोघं उरत. कोडोलीच्या चर्चमध्ये दरवर्षी सुगी झाली की हंगामाची उपासना होते, नंतर सगळ्यांचं जेवण. चाळीस वर्षं मटणाच्या हंड्याशी वगराळं घेऊन अण्णा उभे. सगळं गाव जेवल्यावर वाढपी जेवणार, आणि वाढप्यांनंतर वाढप्यांच्या बायका.

“चाळीस वर्षांत मी त्या मटणाची फोड बघितली न्हाई,” वहिनी माझ्या बायकोला, सुमनला, सांगायच्या. “आमच्या वाट्याला तळाचा रस्सा. नम्रपणा ह्यांचा आणि उपास माझा.”

आणि हसायच्या. सुमनही हसायची. आम्हाला सगळ्यांना ते हसण्यावारी नेण्यासारखंच वाटत होतं.

मग त्यांचा गुडघा आला.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वहिनींचा उजवा गुडघा सुजला, जिना चढवेना. शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडं महिनाभर आधी नाव घालून नंबर मिळाला: अकरावा. अण्णा त्यांना रिक्षानं घेऊन गेले. दहावा पेशंट आत असताना राधानगरीकडची एक बाई आली. हाताला प्लास्टर, सोबत सासू, परतीची एसटी चुकायची भीती. अण्णांनी काय केलं ते सांगायला नकोच. बाई आत गेली. मग बारावा नंबर एका म्हाताऱ्याचा होता, तो कण्हत होता, तो गेला. मग एक जण नुसताच चिडका होता, तोही गेला. असं करत चार वाजले. डॉक्टरांना ऑपरेशनसाठी जायचं होतं, ते गेले. खिडकीतली मुलगी म्हणाली, उरलेल्यांनी पुढच्या महिन्यात या.

वहिनी फाटकाशी रिक्षातून उतरल्या तेव्हा मी तिथंच झाडांखालचं तण काढत होतो. भिंतीला धरून त्या एक पायरी चढल्या, थांबल्या आणि वळून अण्णांना म्हणाल्या,

“नंबर माझा हुता. गुडघा माझा हुता. मग तुम्ही तुमचं काय दिलंसा?”

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून त्या कोडोलीला बहिणीकडं गेल्या.

अण्णांना पहिले पंधरा दिवस खरोखरच कळलं नाही. “त्या बाईची यष्टी चुकली असती सर,” एवढंच म्हणत राहिले. मग कुठंतरी आत काहीतरी हललं, आणि ते माफी मागायला कोडोलीला जायला लागले. तीनदा गेले. पहिल्यांदा मेव्हणीच्या घरी कुणी मुलाच्या लग्नाचं बोलायला आलं होतं. अण्णा म्हणाले, तुमचं होऊ द्या आधी. ते होईपर्यंत शेवटची एसटी आली. दुसऱ्यांदा वहिनींच्या जुन्या मैत्रिणी जमल्या होत्या. बायकांचं होऊ द्या. तिसऱ्यांदा म्हशीचा डॉक्टर आला होता. म्हशीचं होऊ द्या.

“म्हणजे तुम्ही म्हशीच्या मागं नंबर लावलात,” मी म्हटलं.

“आजारी हुती की वो ती,” अण्णा म्हणाले.

असे तीनएक महिने गेले. एक दिवस दुपारी सुमननं त्यांच्यासाठी भाजी दिली, ती घेऊन मी शेजारी गेलो. दार उघडंच होतं. अण्णा स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून तव्यावरची भाकरी तव्यावरूनच खात होते. मागं टेबल होतं, चार खुर्च्या होत्या, सगळं पुसून लख्ख.

“बसून खा की अण्णा.”

ते ओशाळले. भाकरी खाली ठेवली. “बसून बगितलं सर. जमंना. सगळ्यास्नी वाढून झालं की बसायचं, ही सवय. आता वाढायलाच कोण न्हाय. मग बसायचं कवा, त्येच कळंना.”

मी भाजीचा डबा टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसलो, म्हणजे निदान एक जण तरी बसलेला असावा. त्यांनी लगबगीनं मला ताट घेतलं. मी जेवून आलो होतो, तरी अर्धी भाकरी खाल्ली. मग ते बसले.

अशा वेळी गप्प राहावं हे मला कळतं, पण पुस्तकांत आयुष्य गेलेल्या माणसाला वाद घालायची खोड असते. मी विचारलं, “अण्णा, तुमच्या शास्त्रात दुसऱ्याला आधी द्या म्हटलंय. त्या दुसऱ्यांत रूथवहिनी येतात का?”

“ती दुसरी कुठनं?” त्यांना प्रश्नच कळला नाही. “ती आणि मी येकच की. लग्नात पाळकांनी तसंच सांगितलंय, दोघं एकदेह. म्हणून तर आपण मागं, तर तीबी मागं.”

“मग गुडघा तुमचाही दुखत असेल.”

अण्णांचा घास हातातच राहिला. त्यांनी स्वतःच्या गुडघ्याकडं बघितलं, उजव्याच.

मी घरी येऊन हा माझा विजय सुमनला सांगितला. ती म्हणाली, “छान. आपल्या घरात पहिला चहा कोण पितं?” मी विषय बदलला.

हंगामाची उपासना जवळ आली. त्या आठवड्यात अण्णा सकाळीच आमच्याकडं आले, आणि पहिल्यांदाच “तुम्हाला वेळ हाय का” असं न विचारता बसले. एस्तेरचा फोन आला होता. ती पुढच्या आठवड्यात येऊन आईला पुण्याला नेणार होती. गुडघ्याचं तिकडंच बघणार, आणि नंतरही तिकडंच ठेवून घेणार.

“ती जाते म्हणालीया,” अण्णा म्हणाले. “एकदा पुण्याला गेली की परत कशाला येतीया? आयतवारी कोडोलीत उपासना हाय, तिथं ती येणार. बोलायचं तर तितंच. तुम्ही दोघं चलाल काय? गाडी हाय तुमची म्हणून न्हाय. मी मागं सरायला लागलो तर मला धरायला.”

आम्ही गेलो. गाडीत अण्णा पुटपुटत होते. मला वाटलं प्रार्थना म्हणताहेत, नंतर लक्षात आलं, बोलायचं वाक्य पाठ करताहेत.

चर्चमध्ये वेदीपुढं भाताच्या लोंब्या, उसाच्या मोळ्या, गुळाच्या ढेपा, भोपळे आणि पाय बांधलेला एक कोंबडा असा सगळा हंगाम मांडला होता. लोकांनी आपापल्या शेतातलं पहिलं पीक देवासाठी आणायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा, अशी तिथली रीत. पहिलं जे येईल ते आपण ठेवायचं नाही. कोंबडा मात्र पाळकसाहेबांच्या प्रार्थनेत दोनदा आरवला आणि दोन्ही वेळा लोकांनी “आमेन” म्हटलं. अण्णा शेवटच्या बाकावर होते. रूथवहिनी पुढं डावीकडं, बायकांच्या बाजूला, पाय लांब करून. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

जेवण बाहेर चिंचेखाली होतं. एका बाजूला भात, भाकरी आणि मटणाचा हंडा, समोर सतरंज्या, म्हाताऱ्या माणसांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या. अण्णा हंड्याशी गेले, कमरेला टॉवेल बांधला, वगराळं हातात घेतलं. मी जवळच उभा होतो. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस चारशे लोकांना वाढणार आणि मग एस्तेर येणार.

पाळकसाहेब तरुण होते, त्यांनी थोडक्यात प्रार्थना केली. आमेन झालं. आणि मग त्या गावात नेहमी होतं ते झालं: कुणीच पुढं येईना. चाळीस वर्षं अण्णांना बघून सगळ्यांना ती सवय लागली होती. पाहुणे म्हणाले, वडीलधारे येऊ देत. वडीलधारे म्हणाले, पाळकसाहेब येऊ देत. पाळकसाहेब म्हणाले, छे छे, आधी मंडळी. सगळी रांग एकमेकांना हात दाखवत उभी.

अण्णांनी ताट उचललं.

आधी कुणाला कळलं नाही. वाटलं, पाळकसाहेबांचं वाढताहेत. पण त्यांनी हंड्यात वगराळं खोलवर घातलं आणि निवडायला लागले. वाढपी निवडत नाही. येईल ते वाढतो. अण्णांनी चार चांगल्या फोडी काढल्या. मग हाडाची एक नळी काढली. थांबले, आणि आणखी एक नळी शोधून काढली. आमच्याकडं नळीवरून भावाभावांत वर्ष-वर्ष बोलणं बंद होतं. रांगेतलं बोलणं थांबलं.

“अण्णा, लई भूक लागली काय?” कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

“आमास्नी ठेवा की कायतरी,” दुसरा म्हणाला. एक म्हातारे शेजारच्याच्या कानात म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू येईल असं, “म्हातारपणी माणूस बिघडतोय बघा.”

अण्णांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. या माणसाकडं आयुष्यभरात एकच दागिना होता आणि तो त्यांनी चारशे लोकांसमोर उतरवून ठेवला होता. मी आयुष्यात पुष्कळ सत्कार पाहिले. इतकं अवघड चालत जाणारा माणूस कुठल्याही व्यासपीठाकडं जाताना पाहिला नाही. दोन्ही हातांत ताट धरून ते सतरंज्यांमधून वाट काढत रूथवहिनींच्या खुर्चीपर्यंत गेले.

वाक्य पाठ केलेलं होतं. ते आठवलं नाही.

“घे,” म्हणाले. “गरम हाय.”

वहिनींनी ताटाकडं बघितलं. मग रांगेकडं. “पाळकसाहेबांनी घेतलं न्हाई अजून.”

“घेतील. तुझं आधी.”

“लोक हसाय लागल्यात तुम्हाला.”

“हसू देत.” आणि मग, खाली बघत, “त्यो नंबर तुझा हुता. मी माझा समजून दिला. चुकलं.”

वहिनींनी ताट मांडीवर घेतलं. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर एक खूप म्हातारी बाई होती, डोळ्यांनी अधू. वहिनींनी एक नळी उचलली आणि तिच्या हातात दिली, “मावशी, धरा, चोखा सावकाश.” अण्णांनी ते बघितलं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला नीट सांगता येणार नाही. आपण दिलेली वस्तू लगेच दुसऱ्याकडं गेलेली बघणाऱ्या माणसाचं ते तोंड होतं. ती जागा त्यांना नवी होती.

“असं काय बघताय?” वहिनी म्हणाल्या. “मला मिळालं म्हणून मी दिलं. मिळालंच न्हाई, तर देऊ काय?”

अण्णांनी मान हलवली. मग सवयीनं हंड्याकडं वळले. तिथं पाळकसाहेब उभे होते. त्यांनी अण्णांच्या कमरेचा टॉवेल सोडला, स्वतःच्या कमरेला बांधला आणि वगराळं घेतलं. रांग हलली. कुणीतरी अण्णांच्या हातात भरलेलं ताट दिलं.

ते ताट घेऊन ते वहिनींच्या खुर्चीशी सतरंजीवर बसले. आजूबाजूला अजून निम्मी माणसं ताटाची वाट बघत उभी, आणि समुद्रेअण्णा जेवायला बसलेले. त्यांना घास जाईना. मान वळवून वळवून ते रांग कुठवर आली ते बघत होते. समोरच्या एका माणसाची भाकरी संपली तसे ते अर्धवट उठले. वहिनींनी खुर्चीवरूनच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं. पलीकडं कुणी पाणी मागितलं. ते पुन्हा उठले, पुन्हा हात आला. पस्तीस वर्षं पेशंटना पलंगावर झोपवलेला हात तो, रंधा धरणाऱ्या हाताला पुरून उरला.

“माझी पिशवी बहिणीच्या ओसरीवर हाय,” वहिनी जेवता जेवता म्हणाल्या, त्यांच्याकडं न बघता. “जाताना सरांच्या गाडीत ठेवा. एस्तेरला मी फोन करते. आणि डॉक्टरचा नंबर आता मी लावणार.”

“आत्ताच ठेवतो,” अण्णा म्हणाले आणि उठायला लागले.

खांद्यावरचा हात हलला नाही.

“ताटात बघा,” रूथवहिनी म्हणाल्या.

अण्णांनी ताटात बघितलं, आणि पहिला घास घेतला.